चिकटल्यानंतरचा काळ

धार जिल्ह्यातल्या बाग गावी सुती कापडावर ठसे मारणारे खत्री कारागीर लाल रंगासाठी तुरटी वापरतात आणि काळ्यासाठी लोखंडाचा गंज. ही द्रव्ये नुसत्या पाण्यात कालवून ठसा मारला तर रेघ कडेने फुटेल आणि वेलबुट्टीची नक्षी ओळखूही येणार नाही. म्हणून त्यांत चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवून घालतात. ठसा उमटतो, कापड वाळते, काही दिवस तसेच ठेवले जाते आणि मग वाहत्या पाण्यात धुतले जाते. धुताना खळ निघून जायला हवी, पण धातूचा क्षार तंतूला धरून राहायला हवा. पुढे तांब्याच्या भांड्यात अलिझरीन या रंगद्रव्याबरोबर उकळताना रंग बरोबर तेवढ्याच जागी चढतो. म्हणजे एकाच कापडावर एक पदार्थ टिकायचा आहे आणि दुसरा सुटायचा आहे. हा हिशेब कारागीर हाताच्या अंदाजाने सांभाळतो. रसायनशास्त्राला तो समीकरणात मांडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला आणि त्याचा काही भाग अजूनही सुटलेला नाही.

चिंचोक्याचे उदाहरण मी मुद्दाम पहिले घेतले. त्याच्या पिठातला मुख्य पदार्थ झायलोग्लुकान. त्याचा कणा ग्लुकोजच्या दुव्यांचा, अगदी कापसातल्या सेल्युलोजसारखा. फरक एवढाच, की या कण्याला बाजूने झायलोज आणि गॅलॅक्टोज या साखरांच्या आखूड फांद्या असतात. फांद्यांमुळे तो पाण्यात मिसळतो आणि कण्यामुळे सेल्युलोजशी त्याचे जमते. झाडांच्या पेशीभित्तिकेतही हा पदार्थ सेल्युलोजच्या सूक्ष्म तंतूंना बिलगून असतो. प्रयोगशाळेत सेल्युलोजच्या पातळ थरावर झायलोग्लुकानचे द्रावण सोडले आणि नंतर स्वच्छ पाण्याने कितीही धुतले, तरी पृष्ठभागाला प्रत्यक्ष टेकलेला थर बहुतांशी तसाच राहतो. वर साचलेली जाड खळ वाहून जाते, खालचे पातळ पुट राहते. घोंगडी विणणारे लोकरीच्या ताण्याला हीच चिंचोक्याची खळ कुंच्याने देतात. लोकर हे प्रथिन असल्यामुळे तिथे खळीचे बसणे निराळ्या जातीचे. पण काम तेच, धाग्याची लव खाली बसवायची आणि फणीच्या घासण्यापासून त्याला वाचवायचे.

पॉलिमरची लांब साखळी घन पृष्ठभागावर कशी येते, कशी टेकते आणि टेकल्यानंतर तास, दिवस, महिने उलटत असताना तिचे काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे. शास्त्रीय परिभाषेत याला अधिशोषण म्हणतात. विषय जुना आहे, पण त्यातला ‘टेकल्यानंतर’ हा भाग बराच काळ बाजूला पडला होता. माझ्या मते तोच खरा गाभा आहे आणि या पुस्तकाने त्यालाच मध्यभागी ठेवले, म्हणून ही प्रस्तावना मी आनंदाने लिहितो आहे.

लहान रेणू पृष्ठभागावर येतो आणि जातो. साखळीचे तसे नसते. समजा, एका साखळीचे वीस दुवे पृष्ठभागाला टेकले आहेत आणि कोणत्याही क्षणी त्यातला एखादा दुवा सुटलेला असण्याची शक्यता दहात एक आहे. दुवे एकमेकांपासून स्वतंत्र वागतात असे धरले, तर वीसच्या वीस एकाच क्षणी सुटलेले असण्याची शक्यता एकावर वीस शून्ये एवढ्या संख्येत एक इतकी उरते. खऱ्या साखळीचे दुवे शेकड्यांनी टेकलेले असतात. त्यामुळे एकेका दुव्याची ओढ अगदी कमजोर असली, तापमानामुळे सतत चाललेल्या हालचालीच्या ऊर्जेच्या काही दशांशच असली, तरी साखळी म्हणून ती पक्की बसते. ही ओढ एका उंबरठ्याच्या खाली असेल तर मात्र साखळी पृष्ठभागाकडे फिरकतही नाही, कारण सपाट होऊन बसण्यात तिला आपली मोकळी वळणे गमवावी लागतात आणि त्याची किंमत मोजावी लागते. उंबरठ्याच्या अलीकडे काहीच नाही आणि पलीकडे जवळजवळ सगळे, अशी ही परिस्थिती आहे.

सगळे म्हणजे तरी किती? साध्या तटस्थ पॉलिमरच्या बाबतीत पाण्यातून किंवा इतर द्रावकातून बसणारा थर दर चौरस मीटरला साधारण एक मिलिग्रॅमच्या आसपास भरतो. आकडा क्षुल्लक वाटेल. पण माळव्यातल्या काळ्या मातीतली चिकणमाती घ्या. तिच्यात स्मेक्टाइट वर्गातली खनिजे भरपूर आणि अशा खनिजाच्या एका ग्रॅमला काही शे चौरस मीटर पृष्ठभाग असतो. धार जिल्ह्यातल्या बदनावरच्या एका शेताच्या नुसत्या वरच्या थरात किती पृष्ठभाग दडलेला आहे, याची कल्पना केली की मिलिग्रॅमचे मोल कळते.

या विद्येची पहिली पावले सिद्धान्तातून पडलेली नाहीत. काजळ नुसत्या पाण्यात टिकत नाही, कण एकमेकांना धरून तळाशी बसतात. त्यात बाभळीचा डिंक घोटला की डिंकाच्या साखळ्या काजळाच्या कणांवर बसतात, कणांना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि शाई तयार होते. काजळ आणि डिंकाच्या शाईने आपल्याकडच्या पोथ्या लिहिल्या गेल्या. ईजिप्त आणि चीनमध्येही हीच युक्ती फार जुनी. उलट टोकाला निवळीची बी. भांड्याच्या आतल्या बाजूला ती घासली की गढूळ पाणी निवळते. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करण्याच्या साधनांत तिचा, म्हणजे कतकाचा, उल्लेख आहे. तिच्यातल्या लांब साखळ्या एका मातीच्या कणावरून दुसऱ्यावर पूल बांधतात, कणांचे पुंजके होतात आणि ते जड होऊन बसतात.

डिंक कणांना दूर ठेवतो आणि निवळी त्यांना जवळ आणते. दोन्हीकडे साखळी कणावर बसण्याचीच क्रिया आहे. फरक प्रमाणाचा आहे आणि वेळेचाही. पूर्ण झाकलेल्या कणांना एकमेकांवर पूल बांधायला जागा उरत नाही. अर्धवट झाकलेले कण सहज जोडले जातात. ला मेर आणि हीली यांनी १९६३ मध्ये हे पूल बांधण्याचे चित्र नेमकेपणाने मांडले. निवळण्याच्या टाकीवर काम करणाऱ्याला मात्र त्यापुढची गोष्ट ठाऊक असावी लागते. कणावर नुकतीच उतरलेली साखळी काही काळ उभी असते, तिच्या मोकळ्या कमानी पाण्यात लांबवर पसरलेल्या असतात. तेवढ्यात दुसरा कण भेटला तर पूल होतो. उशीर झाला तर साखळी आपल्याच कणावर आडवी पडते आणि मग पोहोचत नाही. म्हणून आधी जोरात ढवळायचे आणि मग हळू. मात्रा अचूक असूनही वेळ चुकली की पाणी गढूळ राहते.

युरोपात या गोष्टींची नोंद शास्त्राच्या भाषेत एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये सोन्याच्या सूक्ष्म कणांचे लाल द्रावण केले. मीठ घातले की ते निळे पडे, पण त्यात जेली असेल तर रंग टिकून राही. रिचर्ड झिगमोंडीने १९०१ मध्ये यावरूनच डिंक, जिलेटिन यांच्या संरक्षक शक्तीचे मोजमाप बसवले; पुढे त्याला १९२५ चे नोबेल मिळाले. तोवर या पदार्थांचे रेणू म्हणजे लांब साखळ्या असतात, हेच मान्य नव्हते. हेरमान श्टाउडिंगरने १९२० मध्ये ती कल्पना मांडली आणि दशकभर टीका सोसली. साखळीच मान्य नसेल तर ती पृष्ठभागावर कशी बसते हा प्रश्न विचारणार कोण?

प्रश्न नीट विचारला गेला तो १९५० नंतर. जर्मनीत येंकेल आणि रुम्बाख यांनी १९५१ मध्ये मोजले, की पृष्ठभागावर जमलेले पॉलिमर एका पदरी थरात मावणार नाही इतके जास्त आहे. म्हणजे साखळी सगळी आडवी पडलेली नाही. तिचे काही पट्टे टेकलेले आहेत, मधल्या कमानी वर उठलेल्या आहेत आणि टोके शेपट्यांसारखी मोकळी आहेत. हे चित्र आजही तसेच वापरात आहे. सिम्हा, फ्रिश आणि आयरिख यांनी १९५३ मध्ये त्याला संख्याशास्त्राची जोड दिली आणि १९६० च्या दशकात झिल्बरबर्ग वगैरेंनी ते पुढे नेले.

त्यानंतर दोन घराणी ठळक झाली. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन इथे श्युटयेन्स आणि फ्लेअर यांनी १९७९–८० मध्ये जाळीवर आधारलेली गणनेची पद्धत तयार केली. द्रावकाचा गुण, साखळीची लांबी, ओढ किती हे घातले, की कोणत्या थरात किती पट्टे, किती कमानी, किती शेपट्या हे तिच्यातून निघते. पॅरिसमध्ये प्येर-जिल द जेन याने आकडे बाजूला ठेवून नुसत्या प्रमाणांच्या आधारे सांगितले, की असा थर पृष्ठभागापासून दूर जाताना स्वतःशी सारखाच राहून विरळ होत जातो. त्याला १९९१ चे नोबेल मिळाले ते अशाच साध्या दिसणाऱ्या, पण दूरवर पोहोचणाऱ्या विचारांसाठी. एका टोकाने बांधलेल्या साखळ्यांची गर्दी झाली की त्या ब्रशच्या केसांसारख्या ताठ उभ्या राहतात, हे श्लोमो अलेक्झांडरने १९७७ मध्ये दाखवले आणि औषधांच्या कणांवर पॉलिमरचे आवरण चढवण्याच्या तंत्राला त्या विचाराचा आधार मिळाला. दोन घराण्यांपैकी कोणते श्रेष्ठ, या वादात नवख्याने पडू नये. कामाला बसणाऱ्याला वाखेनिंगनची पद्धत अधिक उपयोगी पडते आणि विचार करायला शिकायचे असेल तर द जेन वाचावा, एवढे माझे मत मी नोंदवतो.

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली होती: थर समतोलाला पोहोचलेला आहे. आणि थर तर बहुधा समतोलाला पोहोचत नाही.

इलिनॉयमध्ये स्टीव्ह ग्रॅनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे काटेकोरपणे दाखवले. ऑक्सिडीकृत सिलिकॉनवर पॉलिमर बसत असताना ते अवरक्त किरणांनी पाहत राहिले. या पद्धतीत नुसते किती बसले हे कळत नाही. बसलेल्यांपैकी किती दुवे प्रत्यक्ष टेकलेले आहेत तेही कळते. त्यांना एकाच थरात दोन तऱ्हेच्या साखळ्या आढळल्या. कीर्तनाला आधी आलेले लोक सतरंजीवर मांडी घालून ऐसपैस बसतात आणि उशिरा आलेल्यांना कडेला, जेमतेम टेकायला मिळते, तसेच काहीसे. आधी आलेल्या साखळ्या मोकळ्या जागेवर आडव्या पसरल्या होत्या, उशिरा आलेल्या थोड्याच दुव्यांवर तग धरून होत्या. आणि ही विषमता तासन्‌तास उलटले तरी मिटली नाही.

यातून निघणारा निष्कर्ष विषयाला कलाटणी देणारा आहे. पॉलिमर तेच, पृष्ठभाग तोच, तापमान तेच, आणि शेवटी बसलेले वजनही जवळपास तेच असू शकते. तरी थर वेगळा निघतो. द्रावण पातळ असेल तर एक साखळी पसरून बसेपर्यंत दुसरी येत नाही, म्हणून थर चपटा होतो. द्रावण घट्ट असेल तर पसरायला अवधीच मिळत नाही, थर उभा आणि फुगीर राहतो. पसरायला लागणारा वेळ आणि पुढची साखळी येईपर्यंतचा वेळ, यांतले कोणते कमी यावर सगळे ठरते. थराची घडण पाहिली की तो कसा तयार झाला याचा इतिहास वाचता येतो, आणि तो इतिहास माहीत नसेल तर थराचे वागणे सांगता येत नाही.

वेळेचा हिशेबही टप्प्याटप्प्याने बदलतो. सुरुवातीला साखळीला पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याचीच वाट पाहावी लागते, तेव्हा साठा वेळेच्या वर्गमुळाने वाढतो. दुप्पट थर हवा तर चौपट वेळ. जागा भरत आली की नव्या साखळीला आधीच्या कमानींच्या दाटीतून वाट काढावी लागते आणि वेग झपाट्याने पडतो. तिसरा टप्पा अदलाबदलीचा. आखूड साखळ्या चपळ, त्या आधी येतात. लांब साखळ्या सावकाश येऊन त्यांना उठवतात. लिओ व्रोमनने १९६० च्या दशकात रक्तातल्या प्रथिनांबाबत असेच काही पाहिले: काचेवर आधी बसलेल्या फायब्रिनोजेनला थोड्या वेळाने दुसरे प्रथिन हटवते. कृत्रिम झडपा आणि नळ्या शरीरात बसवणाऱ्यांना हा क्रम डोळ्यांआड करून चालत नाही.

द्रावक नसलेल्या, वितळलेल्या पॉलिमरची गोष्ट आणखी रंगतदार आहे. ओलिव्हिए गिझलँ यांनी १९९२ मध्ये एक साधी पण मार्मिक कल्पना मांडली: पॉलिमर पृष्ठभागावर तापवून ठेवा, मग चांगल्या द्रावकाने धुवा, जे उरेल ते कायमचे चिकटलेले. ब्रसेल्समध्ये सिमोने नापोलितानो आणि इतरांनी या मार्गाने पाहिले, की असा थर आधी वेळेच्या सरळ प्रमाणात वाढतो आणि पुढे वेळ दहापट झाला तरी ठरावीकच भर पडत जाते. पातळ पॉलिस्टायरीनचा पापुद्रा किती तापमानाला काचेसारखा घट्ट होतो, यावर वर्षानुवर्षे वाद होता. प्रयोगशाळांची उत्तरे जुळत नव्हती. नापोलितानो आणि व्ह्यूबेनहोर्स्ट यांनी २०११ मध्ये दाखवले, की पापुद्रा किती वेळ तापवून ठेवला, म्हणजे तळाशी किती साखळ्या चिकटू दिल्या, यावर ते उत्तर अवलंबून आहे. वादाचा मोठा भाग घड्याळाकडे न पाहिल्यामुळे झाला होता.

मराठी वाचकाला या इतिहासात आपल्या जवळचेही काही सापडेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत योगेश जोशी, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००० च्या सुमारास वितळलेले पॉलिमर नळीच्या भिंतीवरून घसरते तेव्हा काय होते याचे प्रारूप मांडले. प्लॅस्टिकचा पापुद्रा यंत्रातून काढताना वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पृष्ठभाग खरखरीत होतो, प्रवाहाला हिसके बसतात. भिंतीला चिकटलेल्या साखळ्या मधल्या प्रवाहातल्या साखळ्यांशी गुंतलेल्या असतात. ताण वाढल्यावर त्या भिंतीपासूनच सुटतात की गुंता सुटून सरळ होतात, हा प्रश्न होता. द जेन आणि ब्रोशार यांनी १९९२ मध्ये त्यातल्या एका बाजूचा विचार केला होता. पुण्याच्या मांडणीने दोन्ही शक्यता एका चौकटीत आणल्या. चिकटलेली साखळी कशी सुटते याचा अभ्यासही चिकटण्याच्या अभ्यासाचाच भाग आहे.

या अभ्यासाची गरज आता आमच्या दाराशीही आली आहे. बदनावर तालुक्यातल्या भैंसोला इथे १७ सप्टेंबर २०२५ रोजी पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली. दोन हजार एकरांहून मोठे हे उद्यान देशातल्या सातांपैकी एक. दुसरे आपल्या अमरावतीत आहे. कातण्यापासून तयार कपड्यांपर्यंत सगळे एका जागी करण्याचा बेत आहे. विणकाम आले की खळ आली. इचलकरंजीच्या सायझिंगवाल्यांना वेगळे सांगायला नको: ताण्याचे धागे काही सेकंदांत गरम खळीतून जातात, पिळले जातात, तापलेल्या रुळांवरून वाळतात आणि बीमवर गुंडाळले जातात. या सेकंदांत साखळ्या धाग्यावर जेवढ्या बसतील तेवढ्याच माग चालताना टिकतात. पण कापड विणून झाले की तीच खळ काढावी लागते, नाही तर रंग नीट चढत नाही. स्टार्चची खळ असेल तर विकरे तिला तोडतात. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असेल तर गरम पाणी लागते. आणि वाळवताना धागा जास्त तापला असेल तर तिच्या साखळ्या एकमेकींशी घट्ट जुळून बसतात व सहज विरघळत नाहीत. म्हणजे काढण्याची अडचण बसवण्याच्या दिवशीच तयार झालेली असते. काढलेली खळ सांडपाण्यात जाते आणि कापडउद्योगाच्या सांडपाण्यातल्या सेंद्रिय भाराचा फार मोठा वाटा तिचाच असतो. माळव्यात उन्हाळ्यात पाण्याची काय परिस्थिती असते ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. कमी खळ पुरेल का, चिंचोका किंवा स्टार्च यांनी काम भागेल का, खळ परत वापरता येईल का, हे प्रश्न इथल्या अभियंत्यांसमोर येणारच. त्यांना उत्तर शोधायला घड्याळ हातात घ्यावे लागेल.

मातीबद्दलही एक शब्द. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘क्रिलियम’ नावाचे पॉलिमर जमिनीची घडण सुधारण्यासाठी बाजारात आले आणि किमतीमुळे मागे पडले. पुढे सरीतून वाहणाऱ्या पाण्यात अगदी थोडे पॉलिअ‍ॅक्रिलामाइड सोडून मातीची धूप रोखण्याची पद्धत आली. मातीत साखळी एकदा चिकणमातीवर बसली की ती सूक्ष्मजीवांच्या हाती लागणेही अवघड होते. मुळांमधून पाझरणारा चिकट द्रव मातीचे कण धरून ठेवण्याचे हे काम कोट्यवधी वर्षे करतो आहे.

हे पुस्तक या सगळ्या क्षेत्राचा कोश नाही. विद्युतभारित पॉलिमरचा विषय त्यात बेताचाच आहे, कारण त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल. गणित आहे, पण बारावीपर्यंतचे कलन येणाऱ्याला पेलेल इतके. भर आहे तो मोजण्यावर: स्फटिकाच्या कंपनांत होणाऱ्या बदलावरून काही नॅनोग्रॅम कसे ओळखतात, परावर्तित प्रकाशावरून थराची जाडी कशी काढतात, अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या टोकाने एकच साखळी ओढून काढली तर बल-आलेख कसा दिसतो. प्रत्येक मापाबरोबर वेळ लिहिलेली आहे, आणि ही शिस्त मला फार मोलाची वाटते. जुन्या शोधनिबंधांत रात्रभर ठेवले एवढेच लिहून पुढे जाण्याची पद्धत होती. ती रात्र आठ तासांची होती की सोळा, यावर निष्कर्ष बदलू शकतो.

पुस्तक सुरुवातीपासून वाचलेच पाहिजे असे नाही. कापड, शाई किंवा पाणी यांपैकी जे वाचकाच्या हातातले असेल तिथून शिरावे आणि सिद्धान्ताकडे नंतर यावे. महाविद्यालयातल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. काजळ आणि डिंकाचा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. एका नळीत डिंक एकदम ओतावा, दुसरीत तेवढाच डिंक थेंबाथेंबाने, ढवळत घालावा. मग दोन्ही नळ्या एकाच फळीवर ठेवून तासागणिक, पुढे दिवसागणिक, काजळ किती खाली बसले याची उंची पट्टीने मोजून वहीत लिहावी.

बदनावर, जिल्हा धार